दिवेलागणीचा अॅम्प्लिफायर

माझा स्वभाव तापट. माहेरी साताऱ्याला आई म्हणायची, हिचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, शिंक आली तरी सांडेल. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात निम्मा दोष ह्या नाकाचा होता.

साठ-एकसष्टच्या सुमाराला लग्न होऊन मी जयपूरला आले, तेव्हा सामानात ट्रंक एक आणि हवाईयन गिटार एक. ही गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत वाजवायची. त्या दिवसांत तिचं फार वेड होतं. मुलगी पाहायला आले तेव्हा सासरच्यांनी विचारलं, "गाते का?" वडील म्हणाले, "गात नाही, वाजवते." ते ऐकून ह्यांनी मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. ह्यांना सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तारांचं आणि वायरींचं भारी कौतुक. ते कुठून आलं ते मला जयपूरला आल्यावर समजलं.

हे विम्याच्या कचेरीत होते. वडिलांच्या बदल्यांबरोबर उत्तरेतच वाढलेले, त्यामुळे ह्यांचं मराठी "मतलब"शिवाय पुढे सरकत नसे. खातीपुऱ्याच्या रस्त्याला भाड्याच्या दोन खोल्या, पुढे फरसबंद अंगण, आणि घरात आम्ही तिघं: हे, मी आणि मामंजी. सासूबाई माझ्या लग्नाआधी तीन वर्षं गेल्या होत्या.

मामंजींचा उभा जन्म तारमास्तर म्हणून गेला होता. कट्ट-कडकट्ट ऐकायचं आणि पेन्सिलीने इंग्रजी उतरवायचं. कुणाला मुलगा झाला, कुणाचा बाप गेला, सगळं त्यांच्या कानातून जायचं. आणि निवृत्त झाल्यावर त्याच कानांनी दगा दिला. मी आले तेव्हा त्यांना अगदी जवळून, मोठ्याने बोललेलं तेवढं ऐकू यायचं, आणि तेच त्यांना सोसत नसे. एकदा मला म्हणाले, "सूनबाई, बहिऱ्याशी कुणी बोलत नाही गं. बहिऱ्यावर ओरडतात. म्हणून मी बोलणंच सोडलं." त्या दिवशी मी बाजारातून पाटी आणली आणि मनाशी ठरवलं की ह्या माणसावर आवाज चढवायचा नाही. काय हवं-नको ते पाटीवर लिहायचं. माझ्यासारखीला हे व्रत म्हणजे शिमग्यात मौन पाळण्यापैकी होतं, पण मी ते वर्षभर पाळलं.

दुपारी कधी लहर आली की ते पोळपाटावर चमच्याने तारेची भाषा वाजवून दाखवत. मला त्यातलं एकच अक्षर कायमचं लक्षात राहिलं. पलीकडून मजकूर नीट मिळाला की तिकडचा तारमास्तर पोच देई: एक छोटा, एक लांब, एक छोटा. कट्, कडऽ, कट्. "ही पोच येईपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही," मामंजी सांगायचे. "मग पोटात कावळे ओरडोत नाहीतर डोक्यावर छप्पर कोसळो."

गिटारीला आवाज मोठा करणारं यंत्र लागतं, तिचा स्वतःचा आवाज दुबळा. तयार विलायती यंत्र आमच्या आवाक्यातलं नव्हतं. ह्यांनी किशनपोल बाजारातला एक मिस्त्री शोधून काढला. पूर्वी तो टॉकीजमध्ये मशीनवर होता, आता रेडिओ दुरुस्त करायचा आणि लग्नांत, मेळ्यांत लाउडस्पीकर लावायचा. दोन महिने त्याने जुळवाजुळव केली. शिसवीची पेटी, समोर जाळीचं कापड, त्यामागे स्पीकर, आणि पाठीमागची फळी काढली की आत काचेचे तीन व्हॉल्व्ह, विजेच्या दिव्यांसारखे. एक छोटा, दोन मोठे. प्रत्येक काचेच्या डोक्यावर आतून चांदीचा मुलामा, आरशासारखा लख्ख.

ती पहिली संध्याकाळ मी कधीच विसरणार नाही. मिस्त्रीने बटण दाबलं. काहीच झालं नाही. माझं तोंड उघडणार, एवढ्यात त्याने बोट वर केलं. "रुकिए बहनजी. जागने में टाइम लगता है इसको." मग काचेच्या आत, पार तळाशी, एक केशरी ठिणगी दिसली. ती हळूहळू वर चढली आणि गोवरीतल्या निखाऱ्यासारखी स्थिर झाली. पेटीतून अगदी बारीक घुंऽऽ आवाज यायला लागला. गरम वार्निशाचा आणि तापल्या धुळीचा वास सुटला. मी तारेला नुसतं नख लावलं. सबंध खोली भरून गेली, आणि कांडी सरकवली तसा सूर खालून वर चढत गेला, तुटला म्हणून नाही. आठ वर्षं मी ही गिटार वाजवत होते. तिच्यात एवढं होतं हे मला माहीत नव्हतं.

मामंजी अंगणात पाठमोरे बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वळवली. मग उठले, सावकाश आत आले आणि पेटीसमोर उभे राहिले.

"हे आत्ता वाजलं ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. पुन्हा वाजवलं. ते खाली बसले, पेटीच्या बाजूला तळवा टेकवला, उजवा कान जाळीजवळ नेला आणि डोळे मिटले. मी थांबले की हात हलवून म्हणायचे, चालू दे. अर्ध्या तासाने डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते. "दोन वर्षांत माणसांचं ओरडणं आणि गाडीची शिट्टी सोडून मला काही ऐकू आलं नव्हतं," ते म्हणाले. ह्यांनी उत्साहाच्या भरात विचारलं की मिस्त्रीकडून मायक्रोफोन आणू का, मतलब आम्ही त्यातूनच बोलू. तेही पाटीवर लिहून दाखवलं. मामंजींनी झटक्यात पाटी पुसली. "घरात सभा भरवायची नाही. मला वाजवलेलं हवंय, ओरडलेलं नको."

यंत्राची निगा आपोआपच त्यांच्याकडे गेली. मिस्त्रीने सांगितलेले नियम ह्यांनी मराठीत कागदावर उतरवले आणि मामंजींनी तो कागद भिंतीला डकवला. स्पीकरची वायर जोडल्याशिवाय बटण दाबू नये. केशरी उजेड स्थिर झाल्याशिवाय वाजवू नये. बंद केल्यावर एक चहा पिऊन होईतो पेटी हलवू नये. काचेला बोटं लावू नयेत. ओल्या फडक्याने पुसू नये. आणि आत हात घालायची वेळ आलीच तर दुसरा हात खिशात ठेवावा, म्हणजे झटका बसला तरी छातीतून जाणार नाही. धोतराला खिसा कुठला? मामंजी डावा हात मागे कमरेवर ठेवून उजव्या हाताने काम करायचे. रंगाच्या कोरड्या कुंचल्याने धूळ झाडताना ते असे दिसत, जणू कुणी साहेब कवायतीची पाहणी करतोय. जयपूरची धूळ ती! आंधी येऊन गेली की बंद डब्यातल्या साखरेतही किरकिर लागायची. पण त्या पेटीत कण सापडला नसता. विजेचा दाबही आमच्याकडे लहरी. निखारा फिका पडला की मामंजी हात वर करायचे आणि मी वाजवणं थांबवायचे.

आमचा रोजचा क्रम ठरून गेला. तिन्हीसांजेला मी देवापुढे निरांजन लावायची, आणि त्याच वेळी बाहेरच्या खोलीत मामंजी पेटीचं बटण दाबून आतल्या उजेडाकडे बघत बसायचे. तो स्थिर झाला की म्हणायचे, "लागली." ज्योत लागली, असं. मग मी पदर खोचून बसायची. एकदा त्यांनी मला एक चाल गुणगुणून दाखवली. बहिऱ्या माणसाचं गुणगुणणं, सूर कुठल्या कुठे. चार संध्याकाळी लागल्या मला ती चाल शोधायला. सासूबाई जात्यावर दळताना म्हणायच्या ती ओवीची चाल होती. ती बरोबर सापडली त्या दिवशी मामंजींनी रात्रीच्या जेवणात एक पोळी जास्त खाल्ली. त्यानंतर रोज शेवटी ती ओवी वाजवायची हे ठरलेलंच. ते पुन्हा बोलायलाही लागले होते, कधी कधी तर थांबा म्हणायची पाळी यायची.

मग खंडेनवमी आली.

आपल्याकडे त्या दिवशी ज्याचं त्याचं हत्यार पुजतात. मामंजी नोकरीत असताना दर वर्षी तारेच्या यंत्राला हळदकुंकू वाहायचे. ह्या वर्षी त्यांनी पेटी पुजायची ठरवली. सकाळीच अंघोळ करून, सोवळं नेसून, त्यांनी पाटावर पेटी मांडली, पाठीमागची फळी काढली, आणि बटण दाबलं. मी स्वयंपाकघरातून हातानेच विचारलं, आत्ता कशाला? तर म्हणाले, "विझलेल्या दिव्याला कुणी हळदकुंकू वाहतं का, सूनबाई?"

मला ते इतकं पटलं की मीही हात पुसून बघायला आले. निखारा चांगला लालबुंद झाला होता. मामंजींनी पेटीच्या लाकडाला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, मग झेंडूचं फूल तांब्यातल्या पाण्यात बुडवून, मंत्र पुटपुटत, रोज देवांवर शिंपडतात तसं शिंपडलं.

टच्च.

काच तडकल्याचा बारीकसा आवाज. एका मोठ्या व्हॉल्व्हमध्ये जांभळा लोळ उठला आणि गेला. काचेच्या डोक्यावरची चांदी माझ्या डोळ्यांदेखत कडेकडेने पांढरी होत गेली, दुधासारखी पांढरी, आणि आतला निखारा विझला. मला तो आवाज ऐकू आला. मामंजींना आला नाही. ते डोळे मिटून हात जोडून तसेच मंत्र म्हणत होते.

आणि मी ओरडले. "अहो काय केलंत हे! कळत नाही का तुम्हाला? गरम काचेवर पाणी!" सासऱ्यांवर. सणाच्या दिवशी. हे दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावत आले. मामंजींना माझे शब्द कळले असतील-नसतील, पण त्यांनी डोळे उघडले ते नेमके माझ्या तोंडाकडे. चेहरा वाचायला कान लागत नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग विझलेल्या काचेकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कागदाकडे. ओल्या फडक्याने पुसू नये असं त्यात होतं. फुलाबद्दल काही लिहिलं नव्हतं. त्यांनी बटण बंद केलं, फूल ताम्हनात ठेवलं आणि अंगणात जाऊन बसले.

रात्री मी नुकत्याच आणलेल्या दुसऱ्या पाटीवर "माझं चुकलं" लिहून ती त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी वाचलं. पाटी पालथी केली आणि जेवले. दुसऱ्या दिवशी दसरा. जयपुरात आपटा मिळायचा नाही, आम्ही खेजडीची, म्हणजे शमीचीच, पानं सोनं म्हणून द्यायचो. मी पाया पडले, त्यांनी माझ्या हातात पानं ठेवली, डोक्यावर हात ठेवला, तेवढंच. अगदी अडल्याशिवाय बोलायचं नाही, असे पुन्हा मुके झाले ते त्या दिवसापासून.

व्हॉल्व्ह घेऊन मी आणि हे किशनपोलला गेलो. मिस्त्रीने तो उजेडात फिरवला. बुडाशी कुंकवाचा एक कण चिकटला होता. मला वाटलं, आता हा हसणार. त्याने फक्त विचारलं, "पूजा की थी?" मी मान हलवली. "हम भी औज़ार पूजते हैं दशहरे पे. पर ठंडे." मग म्हणाला की असा व्हॉल्व्ह बाहेरून येतो, दिल्लीलाही माल नाही. त्याच्या लाउडस्पीकरमध्ये ह्याच जातीचे आहेत, पण लग्नसराई तोंडावर आलेली, आणि मग चाकसूला शीतलामातेचा मेळा. तिथे आवाज बंद पडला तर हरवलेली पोरं सापडायची कशी? "मेले के बाद एक निकाल के दूँगा. पक्का." मेळा होळीनंतर. आता होता आश्विन.

मला वाटलं होतं, वाट बघायची तेवढी बघू. पण मामंजींचे कान थांबायला तयार नव्हते. आमच्या घरी सकाळी खातीपुऱ्याच्या बाजूने जाणाऱ्या गाडीची शिट्टी यायची. मामंजी ती ऐकून घड्याळाला किल्ली द्यायचे, पुष्कळ वर्षांची सवय. पौषात एका सकाळी शिट्टी झाली, मला चांगली ऐकू आली, आणि मामंजी घड्याळ हातात धरून बसूनच राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "ती गाडी हल्ली बंद झाली का गं?" मी पाटीवर "उशिरा येते" असं खोटं लिहिलं. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. तो व्हॉल्व्ह येईपर्यंत ह्या माणसाला ओवी ऐकायला कान उरणार का, एवढाच एक घोर माझ्या जिवाला लागला होता. संध्याकाळी मी पेटीशिवायच वाजवायची. ते समोर बसून माझ्या कांडीकडे बघायचे. भिंतीवरचा कागद त्यांनी काढून टाकला होता.

चैत्र लागायच्या आधी, शीतलाअष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, मिस्त्री स्वतः सायकलवरून आला. दोन दिवस मेळ्यात हॅलो हॅलो करून त्याचा घसा पार बसलेला. एका हाताला आदल्या दिवशीच्या थंड पुऱ्यांचा पुडा, मातेचा प्रसाद. दुसऱ्या हातात कापसात गुंडाळलेला व्हॉल्व्ह. पैशांचं नंतर बघू म्हणाला. व्हॉल्व्ह खोबणीत बसवला आणि बटणाकडे हात नेला, तसा मी त्याला अडवलं.

मामंजी अंगणात होते. मी पाटी नेऊन त्यांच्यापुढे धरली: "ज्योत तुम्हीच लावायची. नियम आहे." त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मी तशीच उभी राहिले. हट्टात मी कुणाला हार गेले नाही आजवर. शेवटी ते उठले.

डावा हात कमरेवर. उजव्या हाताने बटण दाबलं. आम्ही चौघंही श्वास धरून काचेकडे बघत होतो. तळाशी ठिणगी आली, वर चढली, स्थिर झाली. काचेच्या डोक्यावरची चांदी लख्ख चमकत होती.

"लागली," मामंजी म्हणाले. पाच महिन्यांनी.

मी ओवी वाजवायला घेतली. पहिला सूर कणसुरा लागला. मामंजींनी कान जाळीजवळ नेला. थोड्या वेळाने आणखी जवळ. मग दुसरा कान. त्यांचा चेहरा तसाच कोरा राहिला. मी यंत्राचा आवाज वाढवला, खिडकीची तावदानं थरथरायला लागली, मिस्त्रीने कानांवर हात घेतले, तरी तसाच. मला कळून चुकलं. ह्यांनाही कळलं, ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पण वाजवणं थांबवायचा धीर मला झाला नाही.

मामंजींनी कान बाजूला घेतला. आणि पहिल्या संध्याकाळसारखा तळवा पेटीच्या लाकडावर टेकवला. मी बघत होते. ओवी खाली उतरली तशी त्यांची बोटं जरा पसरली. वर चढली तशी मिटली. त्यांनी डोळे बंद केले. मान जात्याच्या लयीत डुलायला लागली, अगदी बरोबर लयीत, जिथे दळणारी बाई खुंटा ओढताना दम घेते तिथे दम घेऊन. उभा जन्म बोटांनी बोललेला माणूस. त्याला ऐकायला कानच लागतील असं मी कशाला धरून चालले होते?

ओवी संपली. शेवटचा सूर लाकडात विरेपर्यंत त्यांचा तळवा तिथेच होता. मग त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि तर्जनीने पेटीवर ठोकलं. एक छोटा, एक लांब, एक छोटा.

ह्यांना वाटलं, बाबा ओवीची पोच देतायत. पण मामंजी उठले आणि देवळीतली पाटी घेऊन आले. मी रोज लिहायची ती नव्हे. दसऱ्याआधी आणलेली ती दुसरी पाटी, जी मला त्या रात्रीनंतर सापडतच नव्हती. त्यांनी ती उलटी करून माझ्यापुढे धरली. खंडेनवमीच्या रात्रीचं माझं अक्षर त्यावर तसंच होतं, एक रेघही न पुसलेली. त्यांनी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं, पुन्हा तसंच ठोकलं, कट्, कडऽ, कट्, आणि मग धोतराच्या सोग्याने पाटी स्वच्छ पुसून माझ्या हातात दिली.